पाण्यात थोडं, काठावर जास्त: जपानी ओन्सेन-साउनाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई तोक्योला येताय. यजमान आयटीत, वर्षभर धड सुट्टी नाही, मान आणि पाठ आखडलेली. सासूबाई ६६ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू. एक अख्खा दिवस ओन्सेन (जमिनीतून आलेल्या झऱ्याच्या पाण्याचं स्नान) आणि साउना (घाम काढायची तापवलेली खोली) असलेल्या मोठ्या स्नानगृहात घालवायचा बेत आहे. पण कपडे काढून सगळ्यांसमोर जायचं कसं, सासूबाईंना झेपेल का, साउना आणि गार पाणी हा प्रकार नेमका करायचा कसा, आणि वज्रेश्वरीच्या कुंडांपेक्षा यात वेगळं काय, हे तुम्हाला हवंय.

मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली १९ वर्षं जपानात दुभाष्याचं काम करते. या काळात कितीतरी मराठी कुटुंबांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन गेले आहे. आपली माणसं कुठे अडतात, कुठे घाई करतात आणि कुठे घाबरतात हे आता मला पाठ झालंय. सगळ्यात मोठी चूक एकच होते. तिकीट काढलंय म्हणून लोक पाण्यातच बसून राहतात. अर्धा तास, पाऊण तास. मग बाहेर येतात ते लालबुंद होऊन, डोकं धरून. शीण उतरायच्या ऐवजी चढतो. जपानी म्हाताऱ्या बायका बघा, त्या पाण्यात पाच-सात मिनिटं असतात आणि मग काठावर, दगडावर, बाकावर पंधरा मिनिटं नुसत्या बसून असतात. अंग खरं सैल होतं ते त्या बसण्यात. दिवसभराचा बेत या एका गोष्टीभोवती आखा, बाकीचं आपोआप जमेल.

आधी वज्रेश्वरीचं. मला हा प्रश्न आवडला, कारण जमिनीखालची गोष्ट खरंच सारखी आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ, ही आपल्या कोकणातली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडं, काही जागृत ज्वालामुखीमुळे तापत नाहीत. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जपानात ज्वालामुखी आहेत, म्हणून कुसात्सु किंवा बेप्पुसारख्या ठिकाणी पाणी वाफाळत, उकळत बाहेर पडतं. पण खुद्द तोक्यो शहराखाली तसलं काही नाही. तिथे खोल बोअर मारून पाणी काढतात. साधारण शंभर मीटर खाली गेलं की तापमान तीनेक अंशांनी वाढतं, त्यामुळे हजार-दीड हजार मीटरवर पाणी आपोआप कोमट ते गरम मिळतं. तोक्यो डोमजवळच्या ला-क्वा या स्नानगृहाचं पाणी १,७०० मीटर खोलीवरून येतं आणि ते चांगलंच खारट आहे.

जपानात ओन्सेन हा शब्द कायद्यानं बांधलेला आहे. १९४८च्या ओन्सेन कायद्याप्रमाणे जमिनीतून निघतानाच पाणी २५ अंश किंवा जास्त हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी ठरलेल्या प्रमाणात असायला हवा. म्हणजे गार पाणीही ओन्सेन असू शकतं, आणि ते नंतर तापवलेलं असतं. नळाचं पाणी तापवून चालवलेलं मोहल्ल्यातलं सार्वजनिक स्नानगृह म्हणजे सेन्तो. सगळेच सेन्तो साध्या पाण्याचे नसतात मात्र. तोक्योच्या ओता भागातल्या, हानेदा विमानतळाजवळच्या, बऱ्याच सेन्तोंमध्ये काळं पाणी आहे. प्राचीन वनस्पती कुजून जमिनीत उरलेल्या द्रव्यांमुळे ते कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि अंगाला बुळबुळीत, मऊ लागतं. २०२४च्या ऑगस्टपासून तोक्योतल्या सेन्तोचा दर मोठ्या माणसाला ५५० येन झाला. पहिल्याच दिवशी मात्र सासूबाईंना सेन्तोला नेऊ नका. तिथलं पाणी बहुधा ४२-४३ अंशांचं असतं आणि बसायला मोकळी जागा कमी. तुमच्यासाठी मोठं स्नानगृहच बरं, जिथे वेगवेगळ्या तापमानाचे चार-सहा हौद असतात, जेवायची सोय असते आणि पडायला खोल्या असतात.

आत गेल्यावर काय होतं ते क्रमानं सांगते. दारातच बूट काढून छोट्या कपाटात ठेवायचे. ती किल्ली पुढे काउंटरवर द्यायची, बदल्यात मनगटात घालायचा पट्टा मिळतो. आतला सगळा खर्च, जेवण, दूध, मालिश, त्या पट्ट्यावर चढतो आणि निघताना एकदम चुकता करायचा. मोठा टॉवेल, छोटा टॉवेल आणि घालायला सैल कपडे बहुतेक ठिकाणी तिकिटातच मिळतात. काही ठिकाणी तिकिटावर दीडशे येनच्या आसपास वेगळा आकार दिसेल. तो ओन्सेनवरचा स्थानिक कर आहे, फसवणूक नाही.

मग पडदे. त्यांच्यावर वाफेसारखं दिसणारं ‘यु’ हे अक्षर असतं. निळा बहुधा पुरुषांचा, लाल बायकांचा. बहुधा म्हणते, कारण बाहेरगावच्या जुन्या निवासांमध्ये सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, म्हणजे सगळ्यांना दोन्ही हौद मिळावेत. रंगावर आणि कालच्या आठवणीवर जाऊ नका, दर वेळी पडद्यावरचं चिन्ह बघा. पुरुषासाठी ‘男’ आणि बाईसाठी ‘女’, ही दोन चिन्हं विमानातच ओळखायला शिका.

कपडे काढण्याविषयी. आतमध्ये पोहण्याचा पोशाख चालत नाही, आतले कपडेही नाहीत. अंगावर फक्त मनगटातला पट्टा, आणि हातात छोटा टॉवेल. चालताना तो पुढे धरायचा, सगळे धरतात. संकोच पहिली दहा मिनिटं असतो, आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मलाही होता. पण आत कोणी कोणाकडे बघत नाही. तिथे बाळंतपणाच्या खुणा असलेली पोटं असतात, शस्त्रक्रियांचे व्रण असतात, वाकलेल्या पाठी असतात, आणि ज्या त्या बाईला आपल्या पाण्याशी काम असतं.

आपल्याकडे खरी अडचण अनोळखी लोकांची नसते, घरच्यांची असते. सासू आणि सून एकमेकींसमोर अशा कधी गेलेल्या नसतात. हे कोणी मोकळेपणानं विचारत नाही, म्हणून मीच सांगते. दोघींनी वेगवेगळ्या वेळी आत जा. आधी तुम्ही एकट्या जाऊन सगळं बघून या. मग सासूबाईंना नीट समजावून पुढे पाठवा आणि दहा मिनिटांनी तुम्ही जा. आत गेल्यावर आपापल्या जागी धुवा, वाफेतल्या हौदात दोन बाजूंना बसा. पाण्यात बसलं की प्रश्नच उरत नाही. तरीही नको वाटलं तर कित्येक ठिकाणी खासगी हौद मिळतो, त्याला काशिकिरी म्हणतात. साधारण पाऊण ते एक तास तो फक्त तुमचा. आगाऊ नोंदवावा लागतो, वेगळे पैसे पडतात, पण तिथे नवराबायकोही एकत्र बसू शकतात. पाळी चालू असेल तर हौदात उतरू नये, हा तिथला रिवाज आहे. त्या दिवशी नुसते पाय बुडवून बसा.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, आणि ती हौद नव्हे. ती आहे धुण्याची जागा. भिंतीला ओळीनं नळ, आरसा, समोर ठेंगणं स्टूल आणि प्लास्टिकचं घंगाळं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ती त्या स्टुलावर बसली, घंगाळं दोन्ही हातांनी उचललं, खांद्यावरून पाणी ओतलं आणि म्हणाली, “अगं, ही तर आपली न्हाणी. फक्त बंब कुठे दिसत नाही.” तेव्हापासून मी प्रत्येकाला असंच सांगते. युरोपातल्या लोकांना उभ्यानं शॉवर घ्यायची सवय असते आणि ते इथे गोंधळतात. आपण पाटावर बसून, तांब्यानं पाणी घेत मोठे झालो. दिवाळीला अभ्यंगस्नान केलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बसूनच धुवायचं, उभं राहून नाही, कारण उडालेलं पाणी शेजारणीवर जातं. साबण, शाम्पू तिथेच असतात. डोक्यापासून तळपायापर्यंत घासून, फेसाचा एक थेंब राहणार नाही असं स्वच्छ धुवायचं, स्टूलही धुवून ठेवायचं. हौद अंग धुण्यासाठी नसतो, धुतलेलं अंग मुरवण्यासाठी असतो. हे एक वाक्य सासूबाईंना सांगितलंत की त्यांना सोवळ्यासारखं लगेच समजेल.

जुन्या सेन्तोत गेलात तर पिवळं धमक घंगाळं दिसेल, तळाला लाल अक्षरात ‘केरोरिन’. ते एका वेदनाशामक औषधाचं नाव. १९६३पासून ही जाहिरात घंगाळ्यांवर फिरतेय. तोक्योकडचं घंगाळं मोठं आणि ओसाकाकडचं लहान असतं, कारण तिकडे लोक हौदातूनच पाणी काढून अंगावर घेतात आणि मोठं भरलेलं घंगाळं उचलायला जड जातं.

हौदात उतरण्याआधी हौदातलंच गरम पाणी घंगाळ्यानं अंगावर घ्यायचं, याला काकेयु म्हणतात. आधी पाय, मग गुडघे, मांड्या, हात, शेवटी खांदे. हा शिष्टाचार तर आहेच, पण शरीराला पुढच्या उष्णतेची वर्दी देणंही आहे. सासूबाईंच्या बाबतीत हे दहा-बारा घंगाळी होऊ द्या. केस वर बांधायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. आणि पहिला हौद सगळ्यात कोमट निवडायचा. प्रत्येक हौदाजवळ तापमान लिहिलेलं असतं.

सासूबाईंसाठी माझा हिशोब असा: ४० अंशांच्या आसपासचं पाणी, एका वेळी पाच मिनिटं, आणि छातीपर्यंतच. मग काठावर पाय पाण्यात ठेवून बसणं, मग बाकावर. असं दोनदा, फार तर तीनदा. जपानात हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू आंघोळीच्या वेळी फार होतात. थंड खोलीत कपडे काढले की रक्तदाब चढतो, गरम पाण्यात उतरलं की घसरतो, आणि एकदम उठलं की भोवळ येते. म्हणून तिथलं सरकारच ४१ अंशांपर्यंतचं पाणी आणि दहा मिनिटांच्या आत बाहेर, असं घरोघरी सांगतं. तुम्ही येताय ते डिसेंबरात, तेव्हा उघड्यावरचा हौद, रोतेनबुरो, दिसायला कितीही सुंदर असला तरी तिथपर्यंतची थंड हवेतली वाट आधी बघून घ्या. निघण्यापूर्वी पुण्यातल्या तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी आधीच कमी असतं. जेवल्यावर तासभर आणि घोटभरही दारू घेतली असेल तर त्या दिवशी, आत जायचं नाही. जाण्याआधी एक पेला पाणी, आल्यावर एक.

उठताना हळू. हे मी ठासून सांगते, कारण माझं स्वतःचं तसं झालंय. जपानात आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, डोंगरातल्या एका झऱ्यावर, सकाळपासून काही न खाता मी ४३ अंशांच्या हौदात वीसेक मिनिटं बसले आणि ताडकन उठले. डोळ्यांपुढे आधी पांढरं झालं, मग काळं. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. त्यांनी माझा दंड धरला, काठावर आडवं केलं, आपला टॉवेल गार पाण्यात पिळून माझ्या मानेखाली ठेवला, आणि माझे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. तोंडानं एकच शब्द पुन्हा पुन्हा, “युक्कुरी, युक्कुरी.” सावकाश, सावकाश. त्यांच्या हाताच्या सुरकुत्या पाण्यानं आणखी फुगल्या होत्या, एवढं मला स्पष्ट आठवतं. पाण्यामुळे असं होण्याला तिथे युआतारी म्हणतात, पाणी लागणं. त्या आजींच्या रोजच्या सवयीनं मला जे शिकवलं तेच मी तुम्हाला सांगतेय.

पाणी कसं आहे ते ओळखायचं असेल तर कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता असतो. त्यात उगमाचं तापमान, आम्लता आणि घटक लिहिलेले असतात. औषधी म्हणून धरल्या जाणाऱ्या झऱ्यांचे एकंदर दहा प्रकार करतात. खारट पाण्यानं त्वचेवर मिठाचा पातळ थर बसतो, ऊब टिकते, हिवाळ्यात हेच सुख देतं. सोड्याच्या जातीचं पाणी त्वचा गुळगुळीत करतं, म्हणून त्याला रूपवतीचं पाणी म्हणतात. कुसात्सुचं पाणी तीव्र आम्ल आहे, सामू दोनच्या आसपास, आणि इतकं तापलेलं की पाणी न मिसळता ते निववायला बायका लांब फळ्यांनी घुसळतात. ओरखडा असेल तर चुरचुरतं. गंधकाच्या झऱ्यावर जाणार असाल तर पायातली जोडवी आणि पैंजण आधी काढून ठेवा. चांदी एका डुबकीत काळी पडते. माझ्याबरोबर आलेल्या एका बाईंची लग्नातली जोडवी अशीच काळवंडली आणि त्यांच्या जिवाला फार लागलं. ती नंतर घासून उजळली, पण दिवस तेवढा गेलाच.

त्याच तक्त्याशेजारी पाणी मिसळतात का, तापवतात का, फिरवून पुन्हा वापरतात का, जंतुनाशक टाकतात का, हेही लिहिलेलं असतं. २००४ साली एका नावाजलेल्या झऱ्याच्या गावात पाण्याचा रंग टिकवायला स्नानाची पूड टाकत होते असं उघडकीला आलं, तेव्हापासून नियम कडक झाले. झऱ्याचं पाणी सतत येऊन काठावरून वाहून जात असेल तर त्याला गेन्सेन काकेनागाशी म्हणतात, आणि जाणकार तेच शोधत फिरतात. शहरातल्या मोठ्या स्नानगृहात क्लोरीनचा वास येईल. त्यानं नाराज होऊ नका. रोज एवढी माणसं उतरतात तिथे ते लागतंच.

आता यजमानांचा साउना. जपानात साउना पसरला तो १९६४च्या तोक्यो ऑलिम्पिकनंतर, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तरुणांमध्ये त्याची लाटच आली आहे. त्यांचा एक शब्द आहे, तोतोनोउ. मूळ अर्थ नीट लागणं, जुळून येणं. तंबोऱ्याच्या चार तारा जुळल्या की जसं वाटतं त्याच्या जवळचं काहीतरी. क्रम तीन पायऱ्यांचा: तापणं, गार होणं, बसणं. आणि या तिसऱ्या पायरीसाठीच पहिल्या दोन असतात.

साउनाच्या खोलीत ८० ते १०० अंशांची कोरडी हवा असते. बायकांच्या बाजूला बहुधा थोडी कमी. बाकांना तीन-चार पायऱ्या, वरची सगळ्यात गरम. पहिल्यांदा खालच्या पायरीवर बसायचं, ढुंगणाखाली दिलेली चटई किंवा टॉवेल ठेवून. भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघा, ते वेळ दाखवत नाही. त्याचा काटा बारा मिनिटांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे एक आकडा म्हणजे एक मिनिट. आपण बसलो तेव्हा काटा कुठे होता तेवढं लक्षात ठेवायचं. पहिल्या फेरीला पाच-सहा मिनिटं पुष्कळ झाली. मंगळसूत्र, साखळी, अंगठी, मनगटी घड्याळ सगळं बाहेर. धातू तापून कातडीला चटका देतो. घाम नाकावरून ठिबकायला लागला आणि धड्-धड् कानात ऐकू यायला लागली की उठायचं. शेजारचा माणूस अजून बसलाय म्हणून बसून राहायचं नाही. आयटीतल्या माणसाला हे मुद्दाम सांगा. लक्ष्य गाठायची सवय तिथे नेऊ नये. कधी कधी एखादा कर्मचारी येऊन तापलेल्या दगडांवर पाणी टाकतो आणि टॉवेलनं वाफ प्रत्येकावर वारतो. फार आनंदाचा प्रकार आहे, पण उष्णता एकदम दुप्पट झाल्यासारखी वाटते, तेव्हा त्या फेरीला दाराजवळ बसा.

बाहेर आलं की आधी घाम धुवायचा, मगच गार हौद, मिझुबुरो. १६-१७ अंशांचं पाणी. पायापासून हळूहळू, श्वास सोडत सोडत उतरायचं. पहिले दहा सेकंद जीव नको म्हणतो. मग हलायचं नाही. अंगाभोवती कोमट पाण्याचा एक पातळ थर तयार होतो, साउनावाले त्याला हागोरोमो म्हणतात, म्हणजे अप्सरेचं वस्त्र. आपण हललो किंवा शेजारी कोणी धपकन उतरलं की ते फाटतं. अर्धं मिनिट, फार तर एक मिनिट. डोकं बुडवायचं नाही.

सासूबाईंनी मिझुबुरोत अजिबात उतरायचं नाही. तापलेल्या अंगाच्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात आणि रक्तदाब झपाट्यानं चढतो. साउनाही त्यांच्यासाठी नको. यजमानांना हृदयाचं काही असेल तर त्यांनाही हाच नियम. तब्येत ठीक असूनही ज्यांना गार हौदाची भीती वाटते त्यांनी हातपायांवर, मग मांड्यांवर घंगाळ्यानं कोमट पाणी घेतलं तरी पुढचं सुख बरंचसं मिळतं.

आणि मग तिसरी पायरी. अंग कोरडं पुसा. ओलं राहिलं तर थंडी वाजते. बाहेर अंगणात पांढऱ्या आरामखुर्च्या असतात, तिथे पडायचं. दहा मिनिटं. शरीर नुकतंच तापून गारठून आलेलं असतं, आता त्याला कळतं की संकट टळलं. ठोके उतरतात, श्वास लांब होतो. हातापायांच्या टोकांत मुंग्यांसारखं काहीतरी फिरतं, डोक्यात रोज चाललेली बडबड मागे सरकते. तुमच्या यजमानांना जर काही मिळायचं असेल तर ते इथे मिळेल. त्वचेवर लाल ठिपक्यांची जाळी उमटते, तिला आमामि म्हणतात. आपल्या सावळ्या अंगावर ती फारशी दिसत नाही, त्यामुळे दिसली नाही म्हणून पुन्हा साउनात धावू नये. दोन फेऱ्या पुरे. तीन करायच्याच असा काही दंडक नाही.

हौदाकडून कपड्यांच्या खोलीत येताना दाराशीच छोटा टॉवेल पिळून अंग पुसून घ्या, जमिनीवर पाणी टपकवायचं नाही. मोबाइल त्या खोलीतही काढायचा नाही. त्यामुळे यजमानांना कुठे, किती वाजता भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा, आणि मधे दीड तास तरी सोडा. गोंदवलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश नाकारतात, ते आरक्षणाच्या आधी बघा. बदाम, ॐ किंवा हातावरचं गावठी गोंदणसुद्धा त्यात येतं. सासूबाईंच्या हातावर जुनं गोंदण असेल तर चिकटपट्टी लावून चालेल का असं विचारा, काही ठिकाणी चालतं.

तिघांनी एकत्र बसायची जागा म्हणजे गान्बान्योकु. सैल कपडे घालून कोमट तापवलेल्या दगडी फरशीवर पडायचं असतं, बायका-पुरुष एकत्र. पाच मिनिटं पोटावर, दहा मिनिटं पाठीवर, मग बाहेर. सासूबाईंना जमलं तर एकदा, तेही दाराजवळच्या जागी. त्याहून मला पायबुडी, आशियु, त्यांच्यासाठी जास्त आवडते. बाकावर बसून नुसती पावलं गरम पाण्यात. हाकोने, आतामि, कुसात्सु अशा गावांत ती रस्त्यावर फुकट असते, आणि तोक्योत तोयोसुच्या मासळी बाजाराशेजारी २०२४मध्ये उघडलेल्या संकुलाच्या गच्चीवरही आहे, समोर खाडी.

जेवणाचं एक सांगते. शाकाहारी असाल तर गरम नूडल्सचं पाणी आणि सोबा बुडवायची चटणी दोन्हीत माशाचा अर्क असतो, मासा दिसला नाही तरी. मीठ लावलेला भाताचा गोळा, शिओ-मुसुबि, उकडलेल्या सोयाच्या शेंगा, बटाट्याचे तळलेले काप, हे बहुधा चालतं. आणि सगळं झाल्यावर काचेच्या बाटलीतलं गार कॉफीचं दूध. एका हातानं कंबर धरून ते एका दमात पितात. पुण्याच्या माणसाला आवडेलच.

दिवसाचा आराखडा म्हणाल तर कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला पोचा, शनिवार-रविवार टाळा. दुपारच्या जेवणाआधी एक हौद, जेवण, मग आडवं पडायच्या खोलीत तासभर झोप. ही झोप कोणी वगळते तेव्हा मला वाईट वाटतं. चारला दुसऱ्यांदा आत, तेव्हा यजमानांचा साउना. सहाला बाहेर. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका, ना खरेदी, ना रोषणाई.

तारखेत थोडी सूट असेल तर २१ किंवा २२ डिसेंबर, वर्षातला सगळ्यात लहान दिवस, गाठा. त्या दिवशी ओन्सेनमध्ये आणि मोहल्ल्यातल्या सेन्तोंमध्ये हौदात युझु सोडतात, ईडलिंबाएवढी पिवळी फळं. ती पाण्यावर तरंगत असतात, हळूच हातात घेऊन नाकाशी धरायची, पिळायची मात्र नाहीत. सासूबाईंना आधी कोमट हौदाच्या काठावर पाय सोडून बसवा आणि एक फळ त्यांच्या हातात द्या. पाण्यात उतरायचं की नाही ते मग त्यांचं त्या ठरवतील.